पाणी कुणाचं ऐकत नाही

अत्यंत गंभीर बाब आहे. चहा पीत असाल तर कप खाली ठेवा. फोन पालथा घाला. रहाटणी, काळेवाडी, निगडी आणि या क्षणी चाकणच्या रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये अडकून पडलेल्या तमाम जनतेस कळवण्यात येते, की पाणी कुणाचंही ऐकत नाही.

हा शोध माझा नव्हे. मी रहाटणीतल्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि स्नेहसंमेलनात नाटकं बसवतो. हा शोध आमच्या विज्ञानाच्या बाईंचा. शाळेत बाकी सगळ्याजणी 'मॅडम' होत्या, ह्या एकट्या 'बाई'. नव्या पोरानं चुकून मॅडम म्हटलं, तर त्या मागं वळून बघायच्या आणि विचारायच्या, "कोण आलंय?"

'पाणी कुणाचं ऐकत नाही' हे वाक्य उच्चारण्याची त्यांची एक पद्धत होती. उजव्या हातात काचेचा ग्लास, त्यात पाणी, ग्लास डोळ्यांच्या वर उचललेला. डावा हात कमरेवर. कोर्टात आरोपीला उभं करावं तसा त्या ग्लास उभा करायच्या.

"बघून घ्या," त्या म्हणायच्या. "याच्याइतकं आडमुठं जगात दुसरं नाही. आणि ते आडमुठं आहे म्हणून आपण इथं बसून डबे खातोय."

मग ग्लास खाली टेबलावर. त्यातलं पाणी त्या पीत नसत. एवढं भाषण करून घसा कोरडा पडत नाही का, असं मला नेहमी वाटायचं. पण नट आणि मास्तर यांच्या घशाबद्दल विचारू नये, असा आमच्यात अलिखित नियम आहे.

त्यांची माझी पहिली भेट आगीवरून झाली. त्या रुजू झाल्या त्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये शिरलो, तर एक अनोळखी बाई स्पिरिटच्या दिव्यावर कागदाचा द्रोण धरून बसलेली. मी दारातूनच "आग! आग!" अशी आरोळी ठोकली. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. शेजारच्या गॅरेजमधून शफीभाई वाळूची बादली घेऊन भिंतीवरून आत आले.

"बसा," बाई म्हणाल्या. "जळणार नाही. आत पाणी आहे."

आणि खरंच, द्रोण जळेना. आतलं पाणी उकळायला लागलं, पण कागद शाबूत. शफीभाईंनी बादली खाली ठेवली आणि द्रोणाभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"पाणी उष्णता गिळतं," बाई म्हणाल्या, "आणि चेहऱ्यावर लवकर दिसू देत नाही. दुसरं काहीही एवढ्या आगीत केव्हाच तापलं असतं. आपल्या अंगात बहुतेक पाणीच आहे. म्हणून तर माणूस चाकणला भट्टीपुढं अख्खी शिफ्ट उभा राहतो आणि घरी येऊन पोरांना ओळखतो."

"आन् वर घाम," शफीभाई म्हणाले.

"घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठाचं तेच. तुमचं नाव काय?"

अशा रीतीने भिंतीच्या दोन्ही बाजूंना बाईंची माणसं झाली.

बर्फाचा किस्सा सांगतो. शाळेच्या फाटकाबाहेर रसवंती आहे. उन्हाळ्यात एकदा मी बाईंना रस प्यायला नेलं. त्यांनी माझ्या ग्लासातला बर्फाचा खडा बोटानं खाली दाबला. खडा वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर.

"बाई, माझा रस आहे तो."

"सर, घरी तूप कढवता?"

"बायको कढवते."

"मग बघत जा जरा. पातळ तुपात थिजलेल्या तुपाचा गोळा टाकला तर तो बुडतो. थिजलं की आकसायचं, जड व्हायचं, तळाशी जायचं, असा रिवाज आहे. मेण तसंच. शिसं तसंच. सगळे गुमान रिवाज पाळतात. हे बेणं मात्र गोठलं की फुगतं आणि वर येऊन बसतं." त्यांनी खडा पुन्हा दाबला. "बर्फ बुडाला असता ना, तर थंड मुलखातली तळी तळापासून गोठत वर आली असती. माशांनी जायचं कुठं? आता बर्फ वर तरंगतो, गोधडीसारखा. खाली पाणी पातळ राहतं आणि मासे हिवाळा काढतात."

"बाई, रहाटणीत बर्फ फक्त या रसवंतीत आहे."

"म्हणून काय उपकार विसरायचे?"

त्यांनी स्वतः रस घेतला नाही. 'मला चालत नाही' एवढंच म्हणाल्या. मी साखरेचं दुखणं असेल असं समजलो.

मूळच्या त्या लातूरकडच्या. वर्षानुवर्षं इथं राहून भाषा पुण्याची झाली होती, पण राग आला की गाव वर यायचं. "काय बोलायलाव तुम्ही!" असं कानावर आलं की समजायचं, आता समोरच्याची धडगत नाही. आणि हे वाक्य ज्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त आलं, ते म्हणजे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी, अण्णा.

अण्णा गावचे. म्हणजे रहाटणी खेडं होतं तेव्हापासूनचे. शाळेची जमीन त्यांच्या आज्यानं दिलेली. अण्णांची शेती गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले, आणि अण्णा चाकणला एका वर्कशॉपचे मालक झाले. तिथं कंपन्यांचे तेलकट पार्ट धुऊन चकचकीत करून देतात. पांढरे कपडे, पांढरी गाडी, गाडीत अत्तराचा असा घमघमाट की ती फाटकातून आत यायच्या आधी वास वर्गात यायचा.

शाळेच्या मागं एक विहीर आहे. तीही आज्याचीच. काळ्या दगडात बांधलेली, उतरायला पायऱ्या, आतल्या भिंतीतून वाकडा आलेला एक उंबर. चारी बाजूंनी टॉवर तिच्यात वाकून बघतात. वर लोखंडी जाळी, जाळीला छोटं दार, दाराला कुलूप, आणि कुलपाची किल्ली काळ्या दोऱ्यात बाईंच्या गळ्यात.

ही बाईंची प्रयोगशाळा. वर्गाला रांगेनं तिथं न्यायच्या, पायऱ्यांवर बसवायच्या आणि आधी उंबर दाखवायच्या. "तुमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर पाणी चढवायला मोटर लागते. मोटर बंद पडली की तुमचे पप्पा ग्रुपवर भांडतात. या उंबराच्या शेंड्याला पाणी कोण चढवतं? वरची पानं ओढतात, आणि पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून माळेसारखे वर जातात. माळ तुटत नाही. एवढंच."

मग त्या पाण्याकडे बोट करायच्या. "आणि ही माझी माणसं."

पाण्यावर पाणनिवळ्या असायच्या. तुम्ही पाहिल्या असतील; लांब पायांचे बारकेसे किडे, पाण्यावर उभे राहतात, चालतात, सुर्रकन घसरत जातात. बुडत नाहीत. पाय टेकतात तिथं पाण्याला नुसता खळगा पडतो.

"पाण्याच्या कणांनी एकमेकांचे हात धरलेत," बाई सांगायच्या. "आतल्यांना सगळीकडून हात मिळतात. पण सगळ्यात वरच्या रांगेला वरून धरायला कुणी नाही. म्हणून ती रांग शेजाऱ्याचा हात आणखी घट्ट धरते. तिच्यावर हे चालतात." मग त्या गवताचं एखादं बी पाण्यावर टाकायच्या. बारीक लहर उठायची आणि कपारीतून, उंबराच्या मुळांखालून पाणनिवळ्या धावत यायच्या. "दारावरची बेल वाजली. काय पडलं, खायचं आहे का, बघायला आले."

पोरं श्वास रोखून बघायची. माझ्या तासाला मी पोवाडा म्हटला तरी जी पोरं जांभया द्यायची, तीच ही पोरं. मला राग यायचा, मग मीही शेवटच्या पायरीवर जाऊन बसायचो.

अण्णांना तिथं टर्फ करायचं होतं. हिरवं गालिच्याचं मैदान, वरून जाळी, भोवती दिवे. हल्ली आमच्याकडे दोन टॉवरच्या मधे जरा मोकळी जागा दिसली की तिथं टर्फ उगवतं.

"बाई, पोरं पडतेली हितं एक दिवस."

"जाळी आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात आहे."

"डास हुत्यात."

"डासांच्या अळ्या खायला माझी माणसं आहेत."

"वास मारतंय पानी."

"वास तुमच्या गाडीचा येतोय, अण्णा."

मी पाठ फिरवून खोकल्याचं नाटक केलं.

"आवो, हीर जुनी झाली," अण्णा काकुळतीला येऊन म्हणाले. "आता कोन पितंय तिचं पानी? मेलीय ती."

"मेलीय? काय बोलायलाव तुम्ही!" झालं. लातूर वर आलं. "तुमच्या संस्थेच्या सगळ्या सभासदांना बोलवा. शनिवारी शाळा सुटल्यावर. माझी माणसं पाण्यावर चालून दाखवतील. मेलेल्या विहिरीवर कुणी चालत नाही. आणि मग ठरवा काय ठरवायचं ते."

"तुमी कुनाचंच ऐकत न्हाई."

"मी पाणीच शिकवते ना."

तर शनिवार ठरला. आता नीट ऐका, कारण इथं जे घडलं ते आमच्याच पट्ट्यात घडू शकतं. इथं प्रत्येक घरात एकजण कंपनीत, आणि प्रत्येक मोरीत कंपनीतून आलेला एक कॅन. पार्ट धुवायचं लिक्विड. लोक त्यानं फरशी धुतात, मोटरसायकल धुतात, तेलकट युनिफॉर्म धुतात. पाहुणे यायचे म्हणजे कॅन उघडायचा, ही आमची रीत.

आणि अण्णा कितीही झालं तरी गावचे. विहीर बुजवायची ती बुजवायची; पण चार माणसं आज्याची विहीर बघायला येणार आणि तिच्या पायऱ्यांवर शेवाळ, पाण्यावर तवंग? घराण्याची अब्रू होती. शनिवारी सकाळी, आमचे वर्ग चालू असताना, अण्णांनी वर्कशॉपमधली माणसं आणली, बाईंकडून 'पायऱ्या झाडायला' म्हणून किल्ली मागवली, आणि स्वतः उभं राहून पायऱ्या, भिंती, कठडा सगळं लिक्विडनं घासून घेतलं. उरलेले कॅन तवंग जावा म्हणून पाण्यात.

दुपारी आम्ही सगळे गेलो. विहीर आरशासारखी चमकत होती. सभासद पांढऱ्या कपड्यांत कठड्याशी उभे. बाई इस्त्रीची साडी नेसून आलेल्या. त्यांनी गवताचं बी काढलं, वाकल्या, टाकलं.

बी बुडालं. कुणी आलं नाही.

बाईंनी दुसरं बी टाकलं नाही. त्या पायऱ्या उतरून खाली गेल्या, पाण्याशी बसल्या आणि हाताच्या ओंजळीनं काहीतरी वर काढलं. लांब पाय पोटाशी दुमडलेले होते.

  

बाई वर आल्या. मला वाटलं, आता लातूर. पण त्यांनी मला फक्त विज्ञानाच्या खोलीतून वाटी आणि सुई आणायला सांगितली. वाटीत शाळेच्या नळाचं पाणी घेतलं, सुई अलगद आडवी ठेवली. सुई तरंगली. सभासदांच्या तोंडून "आं!" आलं. लोखंडाची सुई तरंगताना बघून सेक्रेटरीचा सुद्धा दुसरीतला मुलगा होतो. मग बाईंनी विहिरीच्या पाण्यात बोट बुडवलं आणि त्या बोटाचा एक थेंब वाटीत सोडला.

सुई टपकन तळाला गेली.

अण्णा वाटीकडे बघत राहिले. "म्या तर चकचकीत केली हुती," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक. "तुमचा कार्यक्रम हुता म्हनून."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "अण्णा, तुम्ही पाण्याचे हात सोडवलेत."

एका सभासदानं घड्याळ बघितलं. "म्हणजे आता तर खरंच मेली म्हणायची. मग प्रश्नच मिटला की."

बाई कठड्यावर बसल्या. पदर खोचला. "मिटला? मी इथून उठत नाही."

"बाई—"

"अण्णा, हे पाणी सगळं उपसायचं. खालचे झरे जिवंत आहेत, नवं पाणी येईल. भिंती घासायच्या, परत उपसायचं. आणि मग माझी माणसं परत येईपर्यंत थांबायचं. तुमच्या आज्यानं खणली, तुमच्या हातानं बिघडली. आता तुम्हीच थांबायचं."

अण्णांनी सभासदांकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. मग कठड्यावर तळहात ठेवून म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीपत्तोर. तवर एक जरी किडा ह्या पान्यावर चालताना दिसला, तर मी ह्यात मातीचा कन टाकनार न्हाई. आज्याची आन. न्हाई दिसला तर सुट्टीत जेसीबी."

"शब्द?"

"शब्द म्हंजे शब्द."

उपशाचा पंप शफीभाईंनी आणला. पाइप नाल्यात सोडायला निघाले तेवढ्यात बाई आडव्या.

"नाला कुठं जातो?"

"नदीत, बाई."

"पवनेवर फेस कमी आहे का? पाणी कुणाला नाही म्हणत नाही, शफीभाई. मीठ आलं, ये. साखर आली, ये. साबण आला, तोही ये. सगळ्यांना पोटात घेतं. त्याच्या या स्वभावावर आपलं रक्त चालतं, आणि त्याच स्वभावामुळं विषही लांबवर जातं. अण्णा, तुमच्या वर्कशॉपमधलं घाण पाणी स्वच्छ करायचा प्लांट आहे ना चाकणला? उद्घाटनाचे पेढे मला आले होते."

"हाय की."

"तिकडं न्यायचं."

आणि मग, महाराज, रहाटणीनं कधी न पाहिलेलं दृश्य पाहिलं. आमच्याकडे टँकर पाणी घेऊन येतो. पाणी घेऊन जाणारा टँकर कुणी बघितलेला नव्हता. भर उन्हाळा, टॉवरांमधे पाण्याची बोंब, आणि शाळेच्या मागून भरलेले टँकर बाहेर पडतायत! बाल्कन्या माणसांनी भरल्या. एक गृहस्थ बनियनवर ओरडले, "ओ, पाणी कुठं चोरून नेताय?"

"या, बादली घेऊन या!" बाई खालून ओरडल्या. "साबण आतच आहे. नुसतं अंगावर ओता!"

शफीभाई पंपावर बसून हसत होते. "लोकांच्या इंजनातलं पाणी काढत आलो जिंदगीभर. हिरीचं इंजन आज पहिल्यांदा खोललं."

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यांनी तळ झाकला होता. पुन्हा घासलं, पुन्हा उपसलं. अण्णा रोज यायचे. टँकर त्यांचे, डिझेल त्यांचं, आणि बाईंची बोलणीही त्यांनाच. एकदा मी त्यांना पायरीवर बसून झऱ्याच्या तोंडाशी बोट धरताना बघितलं. मला बघून ते उठले आणि फोनवर मोठमोठ्यानं बोलायला लागले. फोन वाजलेला नव्हता.

त्यानंतर बाईंची रोजची सुई सुरू झाली. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या टेबलावर वाटी, वाटीत विहिरीचं पाणी, वर सुई. सुई बुडायची. बाई पदराला पुसून डबीत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सगळा स्टाफ डबे सोडून बघायचा.

याच दिवसांत मला ग्लासाचं कळलं. बाई आठवड्यातून काही दिवस शाळा सुटताच निगडीची बस पकडायच्या. मी थट्टेत विचारलं, "बाई, निगडीत कोण आहे?"

"मशीन आहे," त्या म्हणाल्या. "डायलिसिस. माझ्याही विहिरीचा उपसा चालू आहे, सर. मूत्रपिंडांनी राजीनामा दिलाय."

मी हातातला डबा उगाच उघडला आणि मिटला. 

"असं तोंड करू नका. रक्त म्हणजे पाणीच, नाना वस्तू विरघळलेलं. नको त्या वस्तू मशीन काढून घेतं. फार सुंदर आहे हो बघायला." मग ग्लास नेहमीसारखा उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. "फक्त पिण्यावर बंदी आहे. दिवसाला मोजूनमापून मिळतं. हा ग्लास मला संध्याकाळपर्यंत पुरवायचा असतो."

मला रसवंतीतला बर्फाचा खडा आठवला. आणि तो ग्लास, रोज डोळ्यांच्या वर उचललेला, त्यातलं पाणी हललेलं आणि घोटभरही कमी न झालेलं. ज्याला हात लावायचा नाही त्याचंच कौतुक गात फिरायचं, याला काय म्हणतात ते माझ्या विषयात शिकवत नाहीत.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बरंच काही म्हणतात. मी ऐकत नाही."

आषाढात एका दुपारी सुई तरंगली.

स्टाफरूममध्ये टाळ्या वाजल्या. मी टेबलावर चढलो होतो, असं लोक सांगतात. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. हनुवटी टेबलावर टेकवून त्या सुईकडे समोरासमोर बघत होत्या.

"दार उघडलं," त्या म्हणाल्या. "आता पाहुणे त्यांच्या सवडीनं येतील."

"पण येणार कुठून?"

"उडत."

मी हसलो.

"हसू नका. त्यांच्यातल्या काहींना पंख असतात. जुनं पाणी आटलं, की उठायचं आणि नवं पाणी शोधायचं. वरून चमकतं ना पाणी, ते बघून उतरतात."

"बाई, वरून बघितलं तर रहाटणीत नुसत्या गाड्यांच्या काचा चमकतात."

"फसतील एकदा-दोनदा. मग सापडेल."

गणपतीच्या सुट्टीआधी त्यांनी काळा दोरा गळ्यातून काढला आणि किल्ली माझ्या हातात दिली. "सुट्टीत बघत जा. मी आले की घेईन."

त्या आल्या नाहीत. सुट्टीतच, निगडीला, मशीन चालू असताना. शफीभाईंनी भिंतीवरून मला हाक मारली तेव्हा त्यांच्या हातात पाना तसाच होता.

शाळेत शोकसभा झाली. अण्णा माइकपुढं बोलायला उभे राहिले आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवून खाली बसले.

त्यानंतर मी रोज विहिरीवर जायचो. बी टाकायचो. लहर उठायची, भिंतीला लागून परत यायची. मला पाण्यावर उंबराची पानं दिसली, एक पतंग दिसला, वरच्या टॉवरमधून पडलेलं शटलकॉक दिसलं. चालणारं कुणी दिसलं नाही. दसरा गेला. तरी कुणी नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, पाडवा उलटल्यावर, एका सकाळी जेसीबी आला.

मी आधीच पोचलो होतो. स्टाफरूममधून बाईंची खुर्ची उचलून आणली होती आणि जाळीच्या दाराशी टाकून तिच्यावर बसलो होतो. हातात त्यांचा ग्लास, काठोकाठ भरलेला. शफीभाई भिंतीवर पाय सोडून बसले होते, साक्षीला. मला सांगायला आनंद होतो की माझा आवाज अजिबात कापत नव्हता.

"सर, उठा," अण्णा म्हणाले. त्यांच्या मागं त्यांची बायको, आमच्या काकू, हातात ताट.

"सुट्टी अजून संपलेली नाही. शब्द सुट्टीपर्यंतचा होता."

"सुट्टीत जेसीबी, असा शब्द हुता. बाईंच्या तोंडावर दिलेला. त्यांनी तुमाला वकील नेमलाय व्हय?"

"नेमलाय. किल्ली माझ्याकडं आहे."

जेसीबी गुरगुरत उभा. ड्रायव्हर फोन बघत होता. अण्णांनी घाम पुसला. "सर, भांडन मागनं करू. आधी ओटी भरू द्या. आज्याची हीर हाय. तशीच बुजवली तर पाप लागंल."

आता तुम्हीच सांगा, विहिरीची ओटी भरायला आलेल्या बाईला दार कसं अडवायचं? मी उठलो. कुलूप काढलं.

काकूंनी कठड्याला हळदकुंकू वाहिलं, हिरवा खण आणि नारळ ठेवला. मग अण्णा चपला काढून पायऱ्या उतरले. पांढऱ्या विजारीचे गुडघे ओल्या दगडावर टेकवून ते पाण्याशी बसले. ओठ हलत होते. आज्याशी बोलत होते की विहिरीशी, कळलं नाही. मूठभर तांदूळ त्यांनी कपाळाला लावले आणि हळूच पाण्यावर सोडले.

तांदूळ खाली गेले. बारीक बारीक लहरी उठल्या, एकीतून दुसरी, आणि उंबराच्या मुळांकडे सरकत गेल्या.

अण्णा उठायला लागले होते. अर्धे उठले आणि तिथंच थांबले, एक हात भिंतीला, एक गुडघा हवेत. मी वरून त्यांचा चेहरा बघत होतो, पाणी नव्हे. त्या चेहऱ्यावरचे सेक्रेटरी गेले, वर्कशॉपचे मालक गेले, आणि खाली कुणीतरी फार लहान उरलं. मग मी त्यांच्या नजरेमागं बघितलं. मुळांखालच्या सावलीतून लांब पायांचं एक निघालं होतं. थांबलं. पाण्याला चार खळगे पडले. सुर्रकन पुढं आलं, पुन्हा थांबलं.

वर जेसीबीची घरघर चालूच होती. अण्णांनी मान वर केली आणि सगळ्या टॉवरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"ए, बंद कर ते मशीन! आरं, चालतंय! बाईंना बोलवा की कुनीतरी!"